ट्रकच्या केबिनमधला गारवा

२०२५ मध्ये नव्याने तयार होणाऱ्या, एकूण वजन ३.५ टनांच्या वर असलेल्या मालट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. जुन्या गाड्यांचं काय? ज्यांत एसी आहे, त्यांच्या चालकांची नेहमीची तक्रार म्हणजे, ‘दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो.’

अहो, हा गॅस काही डिझेलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला, म्हणजे गळती आहे. पाइपच्या जोडांवर टॉर्च मारून बघा. काळपट, तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर बहुधा तिथेच गळती. कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. तेल घटलं की कॉम्प्रेसर जाम होतो आणि खर्च कुठच्या कुठे जातो. म्हणून नुसता गॅस भरून देणारा मेकॅनिक नको. आधी नायट्रोजनच्या दाबावर गळती शोधणारा, मग व्हॅक्यूम पंप लावून पाइपांतली हवा आणि ओल काढणारा मेकॅनिक गाठा. सिस्टिम उघडलीच, तर ड्रायरही बदलून घ्या. कंडेन्सरच्या जाळीतली माती धुतली, तरी पुष्कळदा गारवा परत येतो.

एसी नव्याने बसवायचाय? छतावरचा, बॅटरीवर चालणारा २४ व्होल्टचा संच सोयीचा; इंजिन बंद असतानाही चालतो. मात्र जुना अल्टरनेटर आणि बॅटऱ्या तेवढा भार पेलतील का, हे आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नाहीतर रात्र गारव्यात जाईल, पण पहाटे गाडी स्टार्ट होणार नाही.