सहा मिनिटांची चाल



फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या रुग्णाला ‘आता कसं आहे?’ असं विचारलं, की बहुतेक वेळा ‘बरं आहे’ हेच उत्तर येतं. ते खोटं नसतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला खरंच बरं वाटत असतं. पण घरच्यांकडे चौकशी केली की कळतं, बाबांनी जिना चढणं कधीच सोडलंय, भाजी आता सून आणते, देवळात जाणंही बंद झालंय. धाप लागू नये म्हणून माणूस हळूहळू चालणंच कमी करतो. मग धापही लागत नाही आणि आजार वाढतोय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. वर्षानुवर्षं विडी ओढलेल्या पुरुषांचं हे होतं, तसंच चुलीच्या धुरात जन्मभर स्वयंपाक केलेल्या बायकांचंही.

अशा रुग्णाची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकण्याची तपासणी, करतात. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते तिच्यात कळतं आणि सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या, निदानासाठी ती हवीच. पण हा आकडा सारखाच असलेल्या दोघांपैकी एक जण शेतावर जाऊन येतो, तर दुसऱ्याला आंघोळ करतानाही मध्ये थांबावं लागतं. असं का होतं? चालताना श्वासाचा वेग वाढतो. अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून हवा बाहेर पडायला वेळ पुरत नाही. आधीचा श्वास पुरता सुटायच्या आत पुढचा घ्यावा लागतो. हवा आत साचत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या श्वासाला जागा उरत नाही. त्यात चालणं कमी झाल्याने मांड्यांचे स्नायू झिजलेले असतात, तेही लवकर थकतात. बसल्या जागी यातलं काहीच दिसत नाही. माणसाला चालवूनच ते पाहावं लागतं.

त्यासाठी रुग्णाला सहा मिनिटं चालवून अंतर मोजतात. या चाचणीचं मूळ धावण्यात आहे. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये, बारा मिनिटांत कोण किती अंतर कापतो यावरून तंदुरुस्ती मोजायची पद्धत मांडली. १९७६ मध्ये मॅकगॅव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट ब्राँकायटिसच्या रुग्णांना बारा मिनिटं चालवून तीच पद्धत त्यांच्यासाठी वापरली. पण धापेच्या रुग्णाला बारा मिनिटं फार होतात. म्हणून १९८२ मध्ये बटलंड आणि सहकाऱ्यांनी दोन, सहा आणि बारा मिनिटांच्या चाली ताडून पाहिल्या. सहा मिनिटांचं अंतर बारा मिनिटांच्या अंतराशी चांगलं जुळलं आणि रुग्णाचा वेळ निम्म्यावर आला. तेव्हापासून सहा मिनिटं रूढ झाली.

साधनं अगदी साधी लागतात. तीस मीटरचा सपाट, सरळ व्हरांडा, दोन्ही टोकांना वळण दाखवणारे शंकू, घड्याळ, एक खुर्ची आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. रुग्णाने आधी दहा मिनिटं शांत बसायचं. नेहमीची काठी, नेहमीचा ऑक्सिजन बरोबर घ्यायचा. मग त्याला सांगतात, ‘सहा मिनिटांत जमेल तेवढं जास्तीत जास्त अंतर चाला, पण धावू नका. दम लागला तर भिंतीला टेकून उभे राहा आणि जमेल तसं पुन्हा निघा. घड्याळ मात्र चालूच राहील.’

चाचणी घेणाऱ्याने रुग्णाच्या पुढे चालायचं नसतं, कारण मग वेग त्याचा होतो, रुग्णाचा राहत नाही. दर मिनिटाला ठरलेली वाक्यंच बोलायची, ‘छान चाललंय, अजून चार मिनिटं आहेत.’ सतत ‘चला, जोरात’ म्हणत राहिलं तर माणूस जास्त चालतो, हे संशोधक गायट यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं. व्हरांडा आखूड असला तर वळणं वाढतात आणि अंतर घटतं. दुसऱ्या खेपेला सराव झालेला असतो, म्हणून चाचणी दोनदा घेऊन मोठं अंतर धरतात. ही शिस्त पाळली नाही तर औषधाने सुधारणा झाली की नुसत्या उत्तेजनाने, ते कळणार नाही.

सहा मिनिटांच्या चालीत वेग रुग्ण ठरवतो; तो बाहेरून ठरवून देणारी आणखी एक चाचणी इंग्लंडमध्ये लेस्टरच्या सॅली सिंग आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडली. त्यात दहा मीटरच्या टप्प्यावर ध्वनिमुद्रित खुणेच्या तालावर ये-जा करायची आणि वेग दर मिनिटाला वाढत जातो. तो गाठता येईनासा झाला की चाचणी संपते.

आता सहा मिनिटांतल्या अंतराचा अर्थ पाहू. तीस मीटरच्या आसपास वाढ झाली, तर रुग्णाच्या दृष्टीने ती खरी सुधारणा मानतात. श्वसन-पुनर्वसनाच्या, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामाच्या कार्यक्रमाने सीओपीडीच्या रुग्णांचं अंतर सरासरी चाळीस मीटरहून जास्त वाढलेलं आढळलं आहे. फुंकण्याचा आकडा तिथेच राहतो, पण पायांत बळ येतं आणि माणूस पुन्हा घराबाहेर पडतो. कुणाचा धोका वाढतोय तेही या अंतरावरून कळतं. सीओपीडीच्या रुग्णाचा धोका जोखणाऱ्या, २००४ मध्ये मांडलेल्या बोड निर्देशांकात उंचीच्या मानाने वजन, श्वासनलिकांचा अडथळा आणि धाप यांच्या जोडीला चालण्याचं अंतर आहे. त्यात साडेतीनशे मीटर आणि त्यापुढचं अंतर सर्वांत चांगल्या गटात, तर दीडशेच्या आतलं सर्वांत काळजीच्या गटात येतं.

करोनाच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी सहा मिनिटं चालून ऑक्सिजन बघितला जात होता, ते आपल्याला आठवत असेल. तिथे बघायचा होता ऑक्सिजन, इथे त्याबरोबर अंतरही मोजायचं आहे. फुफ्फुसाच्या फायब्रोसिसमध्ये, म्हणजे फुफ्फुस ताठर होण्याच्या आजारात, बसल्यावर ठीक असलेला ऑक्सिजन चालताना झपाट्याने उतरू शकतो. म्हणून ही चाचणी दवाखान्यातच, जाणकार माणसासमोर करावी. छातीत दुखलं, झोक जाऊ लागला किंवा ऑक्सिजन ऐंशी टक्क्यांच्या खाली गेला, तर लगेच थांबवावी. महिन्याभरात हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल तर ती करूच नये.

माझं सांगणं एवढंच आहे. तालुक्याच्या रुग्णालयातही तीस मीटरचा व्हरांडा सापडतो. डॉक्टरमित्रांनो, त्यावर खुणा करून ठेवा. आणि श्रोतेहो, घरात असा रुग्ण असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, ‘सहा मिनिटांत यांचं अंतर किती?’ तो आकडा फाइलमध्ये लिहून घ्या आणि पुन्हा मोजाल तेव्हा त्याच्याशी ताडून पाहा. मोजलाच नसेल, तर मोजायची विनंती करा.