पडद्यावरील चित्रे आणि आपले शिक्षण
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



'शिक्षणात स्लाइडचा उपयोग' या विषयावर बोला, असे कार्यकारिणीने मला सांगितले, तेव्हा मी पहिल्याने नाहीच म्हटले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. हा विषय एखाद्या शिक्षिकेने घ्यावा, असे मला वाटले. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "मंडळात चित्रे तुम्हीच दाखवता आणि चुकाही तुमच्याच झाल्या आहेत. तेव्हा बोलायचेही तुम्हीच." हे अगदी खरे आहे. म्हणून विद्वत्तेचे काही न बोलता मी अनुभवाचे चार शब्द सांगते. त्यातली एक चूक अशी आहे, की ती चारचौघींत कबूल करावयाची राहून गेली होती. ती आज करणार आहे.

चित्रावरून शिकवणे ही काही आजची गोष्ट नव्हे. कोमेनियस नावाच्या एका शिक्षकाने मुलांसाठी चित्रांचे पाठ्यपुस्तक काढले, ते 1658 साली. त्याच सुमारास, 1659 मध्ये, हॉलंडमधील हायगेन्स या शास्त्रज्ञाने काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने भिंतीवर मोठे करून दाखवण्याची युक्ती काढली. त्या यंत्राला पुढे जादूचा कंदील म्हणू लागले. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, हा कंदील आपल्या कल्याणातही होता. येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नावाने असे खेळ सुरू केले. काचेवर हातांनी रंगवलेली चित्रे, पुराणातील कथा, सर्कशीतील कसरती, आणि सोबत निवेदन व संगीत! चलच्चित्रे आपल्या देशात आली ती 1896 मध्ये. त्याच्या आधीच कल्याणकर मंडळी पडद्यावरची हलती चित्रे पाहत होती.

पुढे काचेच्या जागी फिल्मचा लहानसा तुकडा पुठ्ठ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चौकटीत बसवलेला असे. ती चौकट दोन इंच लांब आणि दोन इंच रुंद. हीच आपण ज्याला स्लाइड म्हणत असू ती. ती यंत्रात उलटी, म्हणजे डोके खाली करून, घालावी लागे, कारण भिंगातून जाताना चित्र उलटे होते. ते दिवस आता गेले. कोडॅक कंपनीने स्लाइडचे प्रोजेक्टर करणे 2004 मध्ये थांबवले. आता चित्रे संगणकात असतात आणि तेथून पडद्यावर जातात. नाव मात्र स्लाइड हेच राहिले, आणि दाखवणाऱ्याने सांभाळायच्या गोष्टीही पुष्कळशा त्याच राहिल्या.

मी स्वतः पहिली स्लाइड पाहिली ती शाळेत, सातवीत असताना. आमच्या गुरुजींनी कोठून तरी प्रोजेक्टर मागून आणला होता. खिडक्यांना सतरंज्या लावल्या आणि भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा उमटला. आम्ही सगळी मुले गप्प झालो. थोड्या वेळाने मागच्या बाकावरची एक मुलगी भीतभीत म्हणाली, "गुरुजी, मुंबई उजवीकडे कशी?" गुरुजींनी स्लाइडची डावी बाजू उजवीकडे घातली होती! दुसरे कोणी असते तर "गप्प बस" म्हणून चटकन चौकट फिरवली असती. गुरुजींनी तसे केले नाही. ते म्हणाले, "शाबास! आता आणखी काय काय चुकले ते सांगा." मग काय विचारता! कोकण उजवीकडे गेले, नागपूर डावीकडे आले, समुद्र पूर्वेला गेला, गोदावरी भलत्याच दिशेला वाहू लागली. अर्धा तास आम्ही ओरडून ओरडून चुका सांगत होतो. वर्षभर पुस्तकातला नकाशा माझ्या डोक्यात शिरला नव्हता, तो त्या अर्ध्या तासात शिरला आणि आजतागायत गेला नाही.

तेव्हा मला वाटले, ही सारी यंत्राची किमया. पुष्कळ वर्षांनी, मंडळात स्वतः चित्रे दाखवू लागल्यावर कळले, की किमया गुरुजींच्या त्या एका प्रश्नाची होती.

आपल्या मंडळाने जुना प्रोजेक्टर विकत घेतला, त्या पावसाळ्यात आपल्या गल्लीत डेंग्यूचे चार-पाच रुग्ण झाले. त्या आजाराची माहिती सर्वांना द्यावी, असे ठरले आणि काम माझ्याकडे आले. मी मुलाला बसवून त्याच्याकडून बेचाळीस स्लाइड करून घेतल्या. त्यांवर बारीक अक्षरांत सगळी माहिती लिहिली आणि सभेत ती घडाघडा वाचून दाखवली. शेवटी "काही शंका?" असे विचारले. कोणी बोलले नाही. मला वाटले, सर्वांना समजले!

दुसऱ्या दिवशी दळणाच्या रांगेत एक आजी भेटल्या. त्या मला म्हणाल्या, "पोरी, तू छान बोललीस. पण मला वाचता येत नाही. सगळ्या भिंतीकडे बघत होत्या, म्हणून मीही बघत होते." भगिनींनो, मला फार लाज वाटली. चित्राचा उपयोग जिला सर्वांत जास्त व्हायचा, तिच्यापुढे मी चित्र सोडून अक्षरेच मांडली होती. आणि जिला वाचता येते, तिने ऐकावे की वाचावे? मी एक ओळ वाचेपर्यंत तिची पुढची वाचून होई. दोन्हीकडे लक्ष द्यायचे म्हणून कोणीकडेच राहत नाही.

दुसऱ्या खेपेस मी सुधारले. आठच स्लाइड केल्या आणि अक्षरे जवळजवळ काढून टाकली. डासाच्या अळीचे एक मोठे चित्र लावले. ते भिंतीवर हातभर लांब दिसू लागले. त्याच आजी म्हणाल्या, "अगं, एवढा किडा माझ्या पिंपात असता, तर मला दिसला नसता का?" सगळ्या हसल्या. पण चूक आजींची नव्हती. मोठे करून दाखवलेली वस्तू मुळात केवढी असते, हे आपण सांगितले नाही, तर पाहणारीला कसे कळावे? तेव्हापासून मी अळीच्या चित्राशेजारी तांदळाचा दाणा ठेवते. अळी साधारण तेवढीच किंवा त्याहूनही लहान असते. शिवाय काचेच्या बाटलीत खऱ्या अळ्या आणून, झाकण घट्ट लावून, सर्वांच्या हातांत फिरवते. मग ते पाणी उन्हात कोरड्या मातीवर ओतून टाकते. चित्र पाहून मग खरी वस्तू पाहिली म्हणजे ती घरी गेल्यावर ओळखता येते.

आता ती चूक सांगते. याच खेपेस मी ठरवले, की परक्या ठिकाणची चित्रे नकोत, आपल्याच गल्लीतली दाखवावीत. म्हणून मी मोबाइलवर चित्रे काढली. त्यात एका निळ्या पिंपाचे चित्र होते. झाकण अर्धवट आणि आत अळ्या. कोणाचे ते मी सांगितले नव्हते. पण पिंपाला लाल काठाच्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती आणि ती चिंधी सगळी गल्ली ओळखते. चित्र दिसताच दोघी-तिघींनी मागे वळून पाहिले. ज्यांचे ते पिंप, त्या वहिनी तेथेच बसल्या होत्या. त्यांचा मुलगा आठच दिवसांपूर्वी डेंग्यूने दवाखान्यात पडून घरी आला होता. वहिनी उठल्या आणि काही न बोलता निघून गेल्या. पुढे तीन महिने त्या मंडळात आल्या नाहीत आणि माझ्याशी बोलल्या नाहीत.

मी मनाची समजूत घालत होते, की मी काय खोटे दाखवले? पिंप खरे होते, अळ्या खऱ्या होत्या. पण त्या चित्राने न बोलता एक गोष्ट सांगितली होती, की या आईच्या निष्काळजीपणाने हा मुलगा आजारी पडला. ती गोष्ट खरी आहे, असे कोण म्हणू शकेल? हा डास दिवसा चावतो. मुलगा शाळेत असतो, खेळायला जातो, शिकवणीला जातो. डास कोणाच्या पाण्यातून आला, हे त्याच्या पंखांवर लिहिलेले नसते. मग एके दिवशी मी आमचा फ्रिज पुढे ओढला. मागे पाणी साठण्याची जी थाळी असते, तिच्यात पाहते तो काय, अळ्या वळवळत होत्या! म्हणतात ना, दिव्याखाली अंधार. गल्लीभर चित्रे काढत हिंडणारीच्या घरातच तो कारखाना चालला होता.

त्या संध्याकाळी मी वहिनींकडे गेले. थाळीचे चित्र त्यांना दाखवले आणि क्षमा मागितली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला तुमचा राग नाही आला हो. त्या रात्री मुलाने विचारले, आई, मी तुझ्यामुळे आजारी पडलो का? त्याचे मला वाईट वाटले." मी यावर काय बोलणार? एका घरात आई आणि मुलाच्या मध्ये माझे चित्र जाऊन उभे राहिले होते. ज्या सभेत ते चित्र दाखवले, त्याच सभेत क्षमा मागणे योग्य, म्हणून आज त्यांच्या संमतीने हे सर्व सांगत आहे. वहिनी, मी चुकले.

आता पुढील कार्यक्रमात पहिली स्लाइड आमच्या फ्रिजच्या थाळीची असते. ती लावून मी काहीच सांगत नाही. "हे काय आहे?" एवढेच विचारते. मग कोणी कुंडीखालची ताटली सांगते, कोणी गच्चीवरचे टायर, कोणी कूलर. नंतर मी विचारते, "पाणी ओतून दिले म्हणजे झाले का?" येथे दुसरी स्लाइड येते. भांड्याच्या कडेला चिकटलेल्या काळ्या बारीक अंड्यांची. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. म्हणून भांडे नुसते उपडे करून भागत नाही, ते घासावे लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावयाचा. हे घासण्याचे प्रात्यक्षिक आता वहिनीच करून दाखवतात आणि त्या वेळी मी पडदा काळा करून ठेवते.

पुढे जी भगिनी हे काम करील, तिच्यासाठी काही व्यवहारातल्या गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, चित्र उगीच मोठे करू नये. प्रोजेक्टर दुप्पट लांब नेला, की चित्र उंचीला दुप्पट आणि रुंदीलाही दुप्पट होते, म्हणजे चौपट जागा व्यापते. उजेड मात्र तेवढाच असतो. एका भाकरीचे तूप चार भाकऱ्यांना लावले तर जसे होईल, तसे ते चित्र फिके पडते.

दुसरी, प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र वर चढवू नये. ते वरच्या बाजूस रुंद व खाली अरुंद होते. प्रोजेक्टरच उंच स्टुलावर ठेवावा. पडद्याची खालची कड बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर असावी.

तिसरी, कार्यक्रमापूर्वी स्वतः शेवटच्या रांगेत बसून पाहावे. तेथून जे वाचता येत नाही, ते स्लाइडवर ठेवू नये.

चौथी, पूर्ण काळोख करू नये. पाहणारीचे तोंड आपल्याला दिसले पाहिजे. तिला समजले की नाही, हे तेथेच कळते.

पाचवी, बोलणे चित्राबाहेर गेले, की पडदा काळा करावा. संगणकावर स्लाइड चालू असताना बहुधा 'बी' हे अक्षर दाबले की तसे होते. चित्र समोर असेपर्यंत डोळे तेथेच राहतात आणि कान मागे पडतात.

आणि शेवटची, कोणाच्याही घराचे, भांड्याचे किंवा मुलाचे चित्र तिला विचारल्यावाचून दाखवू नये. नाव गाळले म्हणजे ओळख पुसली जाते, असे नाही. दोष दाखवावयाचा असेल तर पहिले चित्र आपल्या घरचे असावे.

प्रोजेक्टर आता आपल्या मंडळाच्या कपाटात आहे. पुढील वर्षी मुलींसाठी नकाशाचे वर्ग आणि साक्षरतेचे वर्ग त्यावर घ्यावेत, अशी माझी सूचना आहे. आजींनी पहिल्या बाकावर बसण्याचे कबूल केले आहे. त्यांची अट एकच आहे, अक्षर दाखवाल ते मोठे दाखवा आणि एका वेळी एकच दाखवा. याहून चांगला नियम मला तरी कोणत्याच पुस्तकात मिळाला नसता.