क्षयरोग आणि सोनें

क्षयावर सोनें, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. आयुर्वेदानें राजयक्ष्म्यावर सुवर्णभस्म सांगितलें आहे. आणि सावद्यासारख्या केळीच्या बाजारपेठेंत एखाद्या घरीं महिनाभर खोकला हटला नाहीं, कीं थुंकी तपासण्याआधीं सुवर्णवसंतमालतीचें नांव निघतें. या समजुतीस हंसण्याचें कारण नाहीं. ज्यानें १८८२ सालीं क्षयाचे जंतु शोधले, त्या रॉबर्ट कॉखलाहि १८९० सालीं दिसलें, कीं सोन्याच्या एका क्षाराचा अत्यल्प अंश कांचेच्या नळींत जंतूंची वाढ थांबवितो. जनावरांच्या देहांत मात्र तो निरुपयोगी ठरला.

१९२४ च्या सुमारास कोपनहेगनच्या मोलगार्ड यांनीं सॅनोक्रायसिन हें सोन्याचें औषध पुढें आणलें. तें टोंचून घेतलेल्या रोग्यांना बराच त्रास होई. परंतु मरणारे जंतु विष सोडतात, त्याचा हा परिणाम, असें मोलगार्ड यांचें मत होतें! अखेर अमेरिकेंत अँबरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सारख्या स्थितीच्या चोवीस रोग्यांचे बारा-बारांचे दोन गट पाडले, आणि औषध कोणत्या गटास द्यावयाचें हें नाणें उडवून ठरविलें. दुसऱ्या गटास नुसतें शुद्ध पाणी टोंचलें. कोणास काय मिळालें, हें रोग्यांस ठाऊक नव्हतें. १९३१ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. सोन्यानें लाभ तर नाहींच, उलट अपाय झाला होता.

येथून हांकललेलें सोनें संधिवाताच्या आश्रयास गेलें. ऑरानोफिन हें तोंडानें घ्यावयाचें सुवर्णयुक्त औषध १९८५ सालीं अमेरिकेंत त्या व्याधीसाठीं मान्य झालें, आणि २०१५ सालीं तें पुन्हां क्षयाकडे वळलें. क्षयजंतु स्वतःच्या बचावासाठीं एका विशिष्ट पाचकद्रव्यावर अवलंबून असतात. तें सोन्यानें बंद पडतें, असें प्रयोगशाळेंत आढळलें. आयसोनियाझिड व रिफाम्पिसिन यांचा घाव दुसऱ्या ठिकाणीं पडतो. म्हणून त्यांना न जुमानणाऱ्या जंतूंवर हा नवा मारा चालेल, अशी आशा उत्पन्न झाली. आपल्या पेशीहि गिळलेल्या जंतूंवर तांबें व जस्त सोडतात. (तांब्याच्या भांड्यांतील पाण्यानें क्षय बरा होतो, असा अर्थ मात्र कुणीं काढूं नये.)

या आशेची निकड मुंबईनें दाखविली. हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया यांनीं २०११ च्या अखेरीस असे रोगी नोंदविले, कीं त्यांच्या जंतूंवर तपासलेल्या एकाहि औषधाचा अंमल चालेना. औषध अर्धवट सोडलें किंवा चुकीचें दिलें, कीं दुबळे जंतु मरतात व चिवट तेवढे उरून वाढतात.

तथापि नळी आणि देह यांतील अंतर ऑरानोफिनलाहि चुकलें नाहीं. दक्षिण आफ्रिकेंत रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०२१ सालीं आला. त्यांत या औषधाचा अपेक्षित लाभ दिसला नाहीं. दुसरीकडे, २०२२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें औषधांस दाद न देणाऱ्या क्षयासाठीं सहा महिन्यांची जी उपाययोजना सुचविली, तिच्यांत बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन हीं चार औषधें आहेत. एकांतहि धातु नाहीं. सावद्याच्या रोग्याची थुंकी रिफाम्पिसिनला दाद देते कीं नाहीं, हें सरकारी व्यवस्थेंत विनामूल्य तपासतां येतें. आणि वसंतमालतीचा विचार करीत बसलेल्या घरांत तेवढे आठवडे जंतु शेजारच्या खाटेवरील मुलापर्यंत पोंचत असतात.