शिक्क्याआधीचा नमुना

अन्न, पाणी आणि ग्राहकोपयोगी वस्तू यांच्या स्वतंत्र तपासणीचा विषय निघाला की चर्चा बहुधा शिक्क्याभोवती फिरते. पाकिटावर परवाना क्रमांक आहे काय, बाटलीवर आयएसआय चिन्ह आहे काय, एवढ्यावर समाधान मानले जाते. या अधिवेशनास जमलेले विश्लेषक मात्र जाणतात की, तपासणीचे बरेवाईट त्याच्या कितीतरी आधी, दुकानातून नमुना उचलला जातो तेव्हाच ठरू लागते. प्रयोगशाळा स्वतंत्र आहे किंवा नाही, याची कसोटी तिच्या मालकीत शोधण्यापेक्षा तिचा अहवाल दुसऱ्या कोणास पुन्हा पडताळता येतो काय, यात शोधावी, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 याने ही पडताळणी नमुन्यातच गृहीत धरली आहे. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करून ते मोहोरबंद करतो. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवले जातात आणि चौथा, विक्रेत्याने मागणी केल्यास, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. विश्लेषकाने 14 दिवसांत अहवाल द्यावयाचा असून त्याविरुद्ध अपील करता येते. दुधाचा नमुना टिकावा म्हणून त्यात फॉर्मलिन घालतात आणि विक्रीच्या दुधात तेच फॉर्मलिन सापडले तर ती भेसळ ठरते. अशा ठिकाणी बाटलीवरची चिठ्ठी आणि नोंदवहीतील ओळ यांचे मोल यंत्राइतकेच असते.

2015 मधील मॅगी प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. उत्तर प्रदेशात घेतलेल्या नमुन्यात कोलकात्याच्या प्रयोगशाळेला 17.2 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 17.2 भाग, शिसे आढळले होते, तर अनुज्ञेय मर्यादा 2.5 पीपीएम होती. 5 जून रोजी केंद्रीय प्राधिकरणाने नऊ प्रकारांवर बंदी घातली आणि पाठोपाठ महाराष्ट्रातही बंदी आली. परंतु 13 ऑगस्ट रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. कंपनीला बाजू मांडण्याची पुरेशी संधी मिळाली नाही हे एक कारण होते. दुसरे असे की, ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त ठेवली होती त्यांपैकी काहींना एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांची क्षमता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता नव्हती, आणि काहींना ती असली तरी शिशाच्या तपासणीपुरती नव्हती. ही मान्यता इमारतीला मिळत नाही, ती विशिष्ट पदार्थातील विशिष्ट घटकाच्या विशिष्ट चाचणीला मिळते, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यांत कोठेच नव्हती. पुढे न्यायालयाने नेमलेल्या तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत शिशाचे प्रमाण मर्यादेत आढळले. एवढ्यावरून पहिला आकडा खोटा होता असे सिद्ध होत नाही. तो न्यायालयात उभा राहू शकला नाही, एवढेच सिद्ध होते, आणि विश्लेषकाच्या व्यवसायात हा फरक लहान नव्हे.

उलट 2003 साली दिल्लीतील एका स्वयंसेवी संस्थेच्या प्रयोगशाळेने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचे जाहीर केले, तेव्हा तिच्या पात्रतेवरच शंका घेण्यात आली. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने 2004 मध्ये तो निष्कर्ष मुळात ग्राह्य धरला. पडताळणीतून तावून निघालेला अहवाल सरकारी नसला तरी चालतो.

प्रमाणपत्रासाठी येणारा नमुना बहुधा उत्पादकच पाठवितो व शुल्कही तोच भरतो. चांगला माल निवडून पाठविण्याचा मोह कोणास होणार नाही? त्यामुळे बाजारातून अचानक उचललेला नमुना हाच खरा नमुना. 2024 च्या ऑक्टोबरात बाटलीबंद पाण्यावरील भारतीय मानक ब्युरोच्या चिन्हाची सक्ती उठल्यानंतर ही गरज अधिक तीव्र झाली आहे, कारण कारखान्यातील प्रयोगशाळेच्या नोंदी बाहेरच्या डोळ्यांखालून जाण्याची एक वाट त्यामुळे अरुंद झाली.

ग्राहकापुरते पाहता, कायद्याच्या 40 व्या कलमान्वये कोणासही विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो आणि दोष आढळल्यास शुल्क परत मिळते. मात्र त्याच कलमाची अट अशी की, पदार्थ तपासून घेण्याचा आपला इरादा ग्राहकाने खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास कळवावा. म्हणजे दुकानदार कोणत्या बरणीत हात घालील हे सांगण्यास विश्लेषकाची गरज नाही. ही अट काढून टाकावी, असा ठराव या अधिवेशनाने संमत करून केंद्र शासनाकडे पाठवावा.