'एकदम' म्हणजे नेमकं काय?

मागच्या होळीआधी आम्ही धडगावकडच्या एका गटाला फोनवर निरोप दिला, "सगळ्याजणींनी हप्ते एकदम भरा." ऊसतोडीला गुजरातला गेलेल्या बाया होळीला घरी येतात, तेव्हाच सगळ्या भेटतात. आम्हाला म्हणायचं होतं, मंगळवारच्या बैठकीत प्रत्येकीने आपला चालू हप्ता आणा, म्हणजे बँकेची एकच फेरी होईल. एका ताईला वाटलं, उरलेले सगळे हप्ते भरून टाकायचे. 1,000 रुपयांचे 8 हप्ते बाकी होते. तिने घाईत, पडत्या भावात दोन शेळ्या विकल्या. त्यातली एक गाभण. पैसे घेऊन ती बैठकीला आली तेव्हा आम्हाला कळलं.

चूक तिची नव्हती, आमची होती. 'एकदम' फारसीतून आलेला शब्द. दम म्हणजे श्वास. एकदम म्हणजे एका श्वासात. पाऊस एकदम आला म्हणजे अचानक आला. पोरं एकदम ओरडली म्हणजे सगळी एकाच वेळी ओरडली. पैसे एकदम दिले म्हणजे सगळे एका खेपेत दिले. एक शब्द, तीन अर्थ. त्यात आपल्या कितीतरी जणींच्या घरात भिली, पावरी, नाहीतर अहिराणी बोलतात. मराठी आली ती शाळेतून आणि कागदांतून.

मग बोलायचं कसं? वेळ एक असेल तर 'एकाच वेळी' म्हणा. जागा एक असेल तर 'एकत्र'. बैठकीला आपण एकत्र बसतो, पण सह्या एकीमागून एक करतो, एकाच वेळी नाही. सगळी रक्कम एका खेपेत द्यायची असेल तर 'एकरकमी'. कर्जाच्या कागदावर हा शब्द दिसला की थांबा आणि विचारा, कारण तिथे हप्ते नसतात. जुन्या वळणाच्या सरकारी मराठीत 'एकसमयावच्छेदेकरून' असाही एक शब्द भेटतो. घाबरू नका, एवढ्या लांब शेपटीचा अर्थ 'एकाच वेळी' इतकाच. बीए होऊनही तो वाचताना आम्ही दोनदा अडखळलो.

त्या ताईचे 7,000 रुपये आम्ही तिथेच परत दिले. पण ती शेळ्या घ्यायला बाजारात गेली तर होळीमुळे भाव चढलेले. दोनाऐवजी एकच घरी आली, तीही गाभण नव्हती.

आता आमचा निरोप असा जातो: "मंगळवारी 11 वाजता या. प्रत्येकीने एकच हप्ता आणा, 1,000 रुपये." आणि फोन ठेवण्याआधी समोरच्या ताईकडून तो परत म्हणवून घेतो.