खोक्यावरचा आकडा

बाजारात आज आकड्यावाचून वस्तू मिळत नाही. खताच्या पोत्यावर १८:४६ असे लिहिलेले असते, पंपावर अश्वशक्ती असते, बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्तीचा टक्का असतो आणि मोबाइलच्या खोक्यावर जीबी असतात. आपण आकडा वाचतो, शेजारच्या दुकानातल्या आकड्याशी ताडून पाहतो आणि पैसे मोजतो. छापलेला आकडा म्हणजे विकणाराने दिलेला शब्दच होय. आता प्रश्न असा की, हा शब्द वरवर पाहता खरा असूनही गिऱ्हाइकाची फसगत होऊ शकेल काय? होऊ शकते. ती कशी होते आणि झाल्यावर गिऱ्हाइकाने काय करावे, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिले उदाहरण घेणार आहे ते संगणकातल्या एका भागाचे; आणि मग येणार आहे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या सोयाबीनच्या पिशवीपाशी.

संगणकात ग्राफिक्स कार्ड नावाचा एक भाग असतो. पडद्यावर जे चित्र दिसते ते रेखाटण्याचे काम तो करतो. तुम्ही म्हणाल, आमच्या गावात त्याचे काय काम? पण तालुक्याच्या गावी लग्नाची चित्रफीत जुळवून देणारा असतो, फ्लेक्स तयार करणारा असतो, अभियांत्रिकीचा अभ्यास करणारा मुलगा असतो. या सगळ्यांना हे कार्ड लागते, आणि ते स्वस्त नसते. या कार्डाला स्वतःची वेगळी स्मृती असते. चित्राचा सारा माल या स्मृतीत हाताशी ठेवायचा आणि झपाट्याने उचलायचा, अशी ही व्यवस्था आहे. ही स्मृती जीबीत मोजतात. गिऱ्हाईक दुकानात शिरले की पहिला प्रश्न विचारते, “किती जीबीचं आहे?” आणि घोटाळा इथेच सुरू होतो.

सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतील एन्व्हिडिया या कंपनीने जीटीएक्स ९७० नावाचे कार्ड विक्रीस काढले. किंमत ३२९ डॉलर. खोक्यावर लिहिलेले होते, स्मृती ४ जीबी. कार्ड चांगले होते, खपही चांगला झाला. पुढे काही गिऱ्हाइकांच्या ध्यानात आले की साडेतीन जीबीपर्यंत काम सुरळीत चालते आणि त्यापुढे गाडी अडखळते. ही मंडळी नुसती कुरकुरत बसली नाहीत. त्यांनी मोजून पाहिले, एकमेकांची मोजमापे ताडली आणि सर्वांना तोच अनुभव येतो हे दाखवून दिले. अखेर जानेवारी २०१५ मध्ये कंपनीला खुलासा करावा लागला.

खुलासा काय होता, ते आपल्याकडच्या दाखल्याने सांगतो. समजा, एका व्यापाऱ्याने आठ खोल्यांचे गोदाम भाड्याने दिले. सात खोल्यांची दारे सडकेला लागून आहेत. ट्रक थेट दाराशी येतो. आठवी खोली मागच्या बोळात आहे. तिथे पोते डोक्यावरून न्यावे लागते. व्यापारी म्हणतो, “खोल्या आठ सांगितल्या, आठ दिल्या.” म्हणणे खोटे नाही. परंतु भाडे ठरवताना बोळाची गोष्ट त्याने सांगितली नव्हती! त्या कार्डाचे नेमके हेच होते. स्मृती पुरी ४ जीबी होती. पण साडेतीन जीबी एकीकडे आणि अर्धा जीबी दुसरीकडे, आणि त्या अर्ध्या जीबीचा वेग पहिल्या भागाच्या साधारण एक सप्तमांश. शिवाय कार्डातील इतर दोन आकडेही परीक्षकांना चुकीचे कळवले गेले होते, हे त्याच वेळी उघड झाले. आमच्या तांत्रिक विभागात आणि माहिती देणाऱ्या विभागात समजुतीचा घोटाळा झाला, असे कंपनीने सांगितले.

यावर गिऱ्हाइकांत तीन तऱ्हा दिसून आल्या. काही म्हणाले, “कार्ड काल जसं चालत होतं तसंच आज चालतंय, मग तक्रार कसली?” काहींनी कार्ड दुकानदाराला परत केले व पैसे मागितले, कित्येक दुकानदारांनी ते दिलेही. आणि काहींनी अमेरिकेच्या न्यायालयात सामुदायिक दावा लावला. पहिल्या मंडळींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, कारण कार्डाची परीक्षा घेऊन जे वेग पूर्वी छापून आले होते ते खरेच होते. तथापि त्यात एक गोष्ट सुटते. माणूस वस्तू केवळ आजच्या कामासाठी घेत नाही. पुढील तीन-चार वर्षांत काम वाढेल, तेव्हा हा चौथा जीबी उपयोगी पडेल, या हिशेबाने तो जास्त पैसे देतो. ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी जर तो भाग लंगडा निघाला, तर नुकसान झाले नाही असे कसे म्हणावे? शेवटी २०१६ मध्ये तडजोड झाली आणि अमेरिकेतील गिऱ्हाइकांना प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याचे ठरले. किमतीच्या मानाने हा अकरावा हिस्सा झाला. रक्कम मोठी नव्हे. परंतु न सांगितलेल्या गोष्टीलाही किंमत असते, एवढे त्यातून ठरले.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. त्याच कंपनीच्या जीटी १०३० या स्वस्त कार्डाची २०१८ मध्ये एक नवी आवृत्ती निघाली. नाव तेच आणि स्मृतीही तीच, २ जीबी. फरक होता तो स्मृतीच्या जातीत. पहिल्या आवृत्तीत जीडीडीआर५ जातीची स्मृती होती, ती सेकंदाला ४८ जीबी माल वाहून नेई. नव्या आवृत्तीत डीडीआर४ जातीची आली, ती १६.८ जीबी नेई. म्हणजे वेग जवळजवळ एक तृतीयांशावर आला! खोक्यावर जात छापलेली असते, नाही असे नाही. पण आपण तर “किती जीबी” एवढेच विचारून थांबलो. मण किती ते विचारले आणि वाण कोणते ते विचारायचे राहून गेले, त्यातलाच हा प्रकार.

तिसरे उदाहरण गिऱ्हाइकांनी वेळेवर आवाज उठवला तर काय होते याचे. सप्टेंबर २०२२ मध्ये याच कंपनीने आरटीएक्स ४०८० या एकाच नावाची दोन कार्डे जाहीर केली, एक १६ जीबीचे व दुसरे १२ जीबीचे. वाचणाराला वाटावे, फरक फक्त स्मृतीचा. वास्तविक आतला मुख्य भागच निराळा होता. एकात काम करणारे घटक ९,७२८, तर दुसऱ्यात ७,६८०. जाणकारांनी टीकेची झोड उठवली, आणि ऑक्टोबरमध्ये, एकही कार्ड विकले जाण्याआधी, कंपनीने १२ जीबीचे ते कार्ड मागे घेतले. पुढे जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड दुसऱ्या नावाने आणि १०० डॉलर कमी किमतीत बाजारात आले. पहा, विक्रीनंतरच्या दाव्यात ३० डॉलर मिळाले. विक्रीपूर्वीच्या चौकशीने १०० डॉलर वाचले.

इथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रत्येक तूट म्हणजे लबाडी नव्हे. ६४ जीबीची पेन ड्राइव्ह संगणकाला लावली की पुष्कळदा ५९ जीबीच्या आसपास दिसते. कारण बनवणारा हजाराच्या पटीने मोजतो आणि संगणक १,०२४ च्या पटीने. ही मोजण्याची रीत सर्वत्र सारखी व जाहीर आहे. तेव्हा तक्रार करण्यापूर्वी हा मापाचा फरक आहे की दडवलेली गोष्ट आहे, हे तपासून घ्यावे.

आता आपल्या शिवारात येऊ. संगणकाचे कार्ड घेणारे आपल्यात थोडे. सोयाबीनची पिशवी घेणारे घरोघर. सोयाबीनच्या बियाण्याची किमान उगवणशक्ती ७० टक्के असावी, असे प्रमाण ठरलेले आहे. शंभर दाणे पेरले तर निदान सत्तर उगवले पाहिजेत. २०२० च्या खरिपात काय झाले ते तुम्ही पाहिलेच आहे. आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, काढणीच्या वेळी पाऊस झाला आणि बियाण्याच्या पिकाचा कस गेला. पुढील जूनमध्ये मराठवाडाभर, आपल्या जिल्ह्यातसुद्धा, पेरलेले सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा ढीग पडला. त्या वेळच्या औरंगाबाद खंडपीठाने याची स्वतःहून दखल घेतली. काही ठिकाणी बियाणे बदलून मिळाले. पण दुबार पेरणीची मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे आणि हातची गेलेली वाफ हे कोण बदलून देणार?

कार्ड आणि बियाणे यांत एक मोठा फरक आहे. कार्ड घेणारा त्याच संध्याकाळी मोजू शकतो, फिरून उद्या मोजू शकतो. शेतकऱ्याला आठवड्याने कळते, आणि तोवर माल जमिनीत गेलेला असतो. विकणारा म्हणतो, “तुम्ही खोल पेरलं, पाऊस पुरेसा नव्हता.” कधी कधी ते खरेही असते. म्हणून शेतकऱ्याने आपले मोजमाप पेरणीच्या आधीच केले पाहिजे. रीत सोपी आहे. पिशवीतून सरसकट शंभर दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गुंडाळून सावलीत ठेवावेत, पाणी शिंपडत राहावे. साधारण आठवड्याने जोमदार कोंब मोजावेत. जितके कोंब तितके टक्के. पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे वरचा टॅग शाबूत राहतो. टॅग, पिशवी, पक्की पावती आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवावे. उगवण कमी दिसली तर रान मोडण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पंचनामा करून घ्यावा. एकदा रान मोडले की पुरावा मोडला!

कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात दिला. बियाणे सारे पेरून टाकलेले असते, तेव्हा तपासणीसाठी नमुना राखून ठेवला नाही एवढ्यावरून त्याची तक्रार फेटाळता येणार नाही, असाही त्याचा आशय आहे. म्हणून नमुना नसला तरी हातपाय गाळू नयेत. असला तर सोन्याहून पिवळे.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणारी जाहिरात हीसुद्धा दिशाभूल करणारी जाहिरात, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे मागच्या बोळातली आठवी खोली कायद्याच्याही डोळ्यांत आली. ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते; ५ लाखांपर्यंत फी नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. कंपनी मुंबईची असो वा परदेशची, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते. मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी यंत्र घेणारा माणूसही ग्राहकच धरला जातो. तेव्हा चित्रफितीवाल्याने आपण धंदेवाले म्हणून गप्प बसण्याचे कारण नाही. पहिली विचारपूस करावयाची तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे.

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द सांगावेसे वाटतात. शाळेसाठी संगणक घेताना आपण दरपत्रके मागवतो. त्यात “२ जीबीचे ग्राफिक्स कार्ड” एवढेच लिहिले तर सर्वांत कमी दर भरणारा मंद जातीचे कार्ड देईल, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. म्हणून कार्डाचे पूर्ण नाव, स्मृतीची जात आणि सेकंदाचा वेग असे तिन्ही लिहावे. माल आल्यावर मुलांसमक्ष तपासावे. आणि शतमानाचा धडा शिकवताना फळ्यावरच्या उदाहरणाबरोबर एक ओले गोणपाट आणि शंभर दाणे वर्गात आणावेत. मुलगा घरी जाऊन बापाला सांगेल, “बाबा, आपल्या पिशवीतले अठ्ठावन्नच उगवले.” त्या एका वाक्याने एखाद्या घरचा हंगाम वाचेल.

सारांश, आकडा दिसला की तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा कशाचा? यातले कामाला येणारे किती? आणि कमी पडले तर जबाब कोण देणार? उत्तर तोंडी मिळाले तर ते पावतीवर लिहून मागावे. दुकानदार आपल्या ओळखीचा असतो, त्याला राग येईल असे वाटून आपण संकोचतो. पण खरा माल विकणाराला प्रश्नाचा राग येत नाही. उलट चार गिऱ्हाइके त्याच्याकडे वाढतात. आपण तराजूचा काटा पाहून धान्य घेतो, त्यात कोणाचा अपमान होत नाही. खोक्यावरचा आकडाही तसाच पाहून घ्यावा.