विळ्याच्या आकाराचें रक्त



वडसा येथें मी शिक्षकी करीत असतां माझ्या वर्गांत एक मुलगा होता. दर तासाला तो बाहेर जाण्याची परवानगी मागे आणि परततांना रांजणाशीं थांबून पाणी पिई. हा अभ्यास टाळतो असें समजून मीं त्याचें मधलें पाणी बंद केलें. पुढें हातापायांच्या असह्य वेदनांनीं तो अंथरुणास खिळला, तेव्हां रक्त तपासून कळलें, कीं त्यास सिकलसेल हा आजार आहे. त्या आजाराचें कारण आज सांगावयाचें आहे. माझी चूक त्यांतच उलगडेल.

रक्ताचा तांबडेपणा हिमोग्लोबिनमुळें असतो. त्याच्या एका साखळींत १४६ दुवे असतात. त्यांपैकीं सहावा बदलला, कीं प्राणवायु कमी पडतांच तांबड्या पेशी वांकून विळ्यासारख्या होतात. शिकागोच्या डॉ. हेरिक यांनीं १९१० सालीं त्यांचें प्रथम वर्णन केलें. या पेशी लवकर फुटतात, म्हणून मूल फिकट पडतें. बारीक वाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडें ठणकतात. मूत्रपिंडाच्या गाभ्यांत प्राणवायु मुळांतच थोडा. तेथें त्यांची कोंडी होऊन लघवी दाट करण्याची शक्ति बालपणींच घटते. मूल वारंवार लघवीस जातें, अंथरूण ओलें करतें. शरीरांतील पाणी आटलें, कीं पेशी अधिकच वांकतात. ज्या पाण्यावांचून दुखणें बळावतें, तेंच मीं तोडलें होतें!

हा दोष ना करणीचा, ना एकट्या आईचा. तो आईबाप दोघांकडून आला तरच हा रोग होतो. एकाकडूनच आला, तर मनुष्य केवळ वाहक राहतो. दोघे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोगाचा संभव चारांत एक. वाहकास मात्र घातक हिंवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें. म्हणून गडचिरोली-चंद्रपूरसारख्या रानांच्या मुलखांत, आदिवासींत आणि इतर जातींतही, हा दोष पिढ्यान् पिढ्या टिकला. ज्यानें पूर्वजांना तारलें, तोच दुप्पट होऊन नातवंडांस भोंवतो.

हायड्रॉक्सियुरिया या औषधानें वेदनांचे झटके कमी होतात. १ जुलै २०२३ रोजीं निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. पण पहिली तपासणी घराघरांतून व्हावयास हवी. लग्नापूर्वीं पत्रिका पाहणाऱ्यांनीं दोघांचें रक्तही पाहावें. आणि माझ्या शिक्षकबंधूंनो, पाणी मागणाऱ्या मुलास कधींही अडवूं नका.